सातबारा कोरा, पण जमीन मोकळी नाही

हवामानबदलाला आवर घालण्यासाठी जगभर जो पैसा उभा राहतो आहे, त्याचा मोठा हिस्सा फिरून फिरून शेवटी जमिनीवरच येतो. धुराड्यांतून बाहेर पडलेला कार्बन झाडांत, मातीत किंवा खाडीच्या चिखलात पुन्हा साठवायचा तर जागा लागते, सौर पॅनेल मांडायला माळ लागतो, आणि पाणी वर चढवून खाली सोडणाऱ्या वीजप्रकल्पांना डोंगराचा माथा आणि पायथा असे दोन्ही लागतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँड गॅप’ अहवालात देशोदेशींच्या सरकारांनी दिलेल्या वचनांची बेरीज केली गेली, तेव्हा कार्बन शोषून घेण्याच्या या योजनांना सुमारे १२० कोटी हेक्टर जमीन लागेल असे दिसले. भारताच्या क्षेत्रफळाच्या साडेतीन पटींहून हे क्षेत्र मोठे आहे. एवढी जमीन कोठे रिकामी पडलेली नाही. तिच्यावर कोणीतरी गुरे चारते आहे, कोणी लाकूडफाटा गोळा करते आहे, कोणी भात पिकवते आहे, आणि यांपैकी बहुतेकांच्या हातात मालकीचा कागद नाही.

मी ठाण्यात वकिली करते आणि माझे बरेचसे काम जमिनीच्या शोध अहवालांचे आहे. कोणाला जमीन विकत किंवा भाडेपट्ट्याने घ्यायची असेल तर तिच्यावर कोणाचा बोजा नाही ना, मालकीची साखळी कोठे तुटलेली नाही ना, हे तपासून लेखी मत द्यायचे असे या कामाचे स्वरूप आहे. पूर्वी ही कामे भिवंडीच्या गोदामांसाठी किंवा मुरबाडकडच्या फार्महाउससाठी येत असत. आता त्यांत बांबू लागवड, कार्बन क्रेडिट (साठवलेल्या कार्बनबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रे) आणि सौरऊर्जा यांसाठी जमीन शोधणारी मंडळीही दिसू लागली आहेत. त्यांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. काळजी वाटते ती पद्धतीची, कारण गोदामासाठी पाच एकर घेताना जी तपासणी पुरेशी ठरते, तीच तपासणी शेकडो हेक्टर डोंगरउतार पुढची तीस-चाळीस वर्षे बांधून घेताना पुरेशी मानली जात आहे.

ही तपासणी कशी होते ते आधी सांगते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, तीस वर्षांचा शोध घेतला जातो, सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढले जातात, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद आहे का ते पाहिले जाते, आणि शेवटी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवल्या जातात. चौदा दिवसांत हरकत आली नाही की जमीन निर्वेध आणि बोजारहित असल्याचे प्रमाणपत्र तयार होते. ज्या पाड्यावर वर्तमानपत्र पोहोचतच नाही, तेथील माणसाने चौदा दिवसांत ठाण्यातल्या वकिलाला लेखी हरकत कळवावी, ही अपेक्षा किती हास्यास्पद आहे हे आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. तरी सूचना छापून येते आणि तिचे कात्रण फाइलला लागते.

कागदावर काय येत नाही, याचे सर्वांत चांगले उदाहरण आमच्या जिल्ह्यातला राब आहे. भाताची रोपे तयार करण्यासाठी शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी हिवाळ्यापासून ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडतो, त्या रोपवाटिकेच्या वाफ्यावर शेण, पातेरा आणि गवत यांच्याबरोबर थरांनी रचतो, वर माती पसरतो आणि पावसाळ्यापूर्वी ते सगळे भाजून काढतो. त्याने तण मरते, राखेचे खत मिळते आणि रोप जोमाने उठते. ही शेती भाताच्या खाचरात संपत नाही, तर वरच्या उतारावरच्या वरकस जमिनीवर आणि त्याही पलीकडच्या जंगलावर टेकलेली असते. इंग्रज सरकारने ही तोड बंद करायचा प्रयत्न केला तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष माजला, की १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. एवढा जुना इतिहास असलेला हा वापर आज एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर शोधू गेले तर सापडत नाही. वरकस क्षेत्राची नोंद दिसते, लागवडीस अयोग्य म्हणून पोटखराबा दिसतो, ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र कोरा असतो. कातकरी वाडीची अवस्था तर याहून बिकट असते, कारण पुष्कळदा झोपड्यांखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच कोणाच्या नावावर असते.

कार्बनच्या प्रकल्पाला नेमके हेच कोरे रकाने आवडतात. झाडे कमी, पीक नाही, मालक एक किंवा सरकार, आणि नकाशावर भरपूर क्षेत्र! केंद्र सरकारच्या २०२३ च्या ग्रीन क्रेडिट योजनेतही हाच दृष्टिकोन दिसतो. वनविभागाने ऱ्हास झालेल्या वनजमिनींचे तुकडे नोंदवायचे आणि पैसे भरणाऱ्या संस्थेसाठी तेथे लागवड करायची, असा तिचा ढाचा आहे. फेब्रुवारी २०२४ च्या कार्यपद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. गवताळ माळावर हेक्टरी ११०० झाडे लावली की गवत जाते, आणि गवत गेले की ते कापून वखारीला विकणाऱ्यांचा आणि त्यावर गुरे पोसणाऱ्यांचा हंगाम जातो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये नियम सुधारून झाडे पाच वर्षे जगल्यावरच क्रेडिट द्यायचे ठरले, हे चांगले झाले. पण ती दुरुस्ती झाडांच्या हिताची आहे, माळ वापरणाऱ्यांना विचारायचे की नाही या प्रश्नाला ती हात लावत नाही.

गायरानांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते, सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने दिली जाते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू कोणालाही पटेल असा आहे. परंतु ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला सव्वा लाख आणि गायरानावर शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाला काहीच नाही, हा फरक हिशेबाच्या चुकीने पडलेला नाही; नोंद ज्याची, मोबदला त्याचा, या नियमाचा तो थेट परिणाम आहे. सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात निकाल दिला आणि त्याला धरून राज्य सरकारने १२ जुलै २०११ रोजी गायरानांच्या वापरावर निर्बंध घालणारा शासन निर्णय काढला, एवढे लक्षात ठेवले तरी गायरान ही सरकारच्या खिशातली सुटी नाणी नव्हेत, हे कळते.

आपल्याकडे कायदे कमी आहेत अशी तक्रार मी करणार नाही. उलट, या विषयावर भारताजवळ आणि त्यातही महाराष्ट्राजवळ जेवढी आयुधे आहेत, तेवढी पुष्कळ देशांत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देण्यासही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्यापुढच्या व्यवहारांना राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार देतो. आमच्या जिल्ह्यात शहापूर तालुका आणि मुरबाड व भिवंडी तालुक्यांचा काही भाग या क्षेत्रात मोडतो. आणि २००६ चा वन हक्क कायदा तर स्पष्टपणे सांगतो, की गावाच्या परंपरागत हद्दीतील सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा आहे, आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला हुसकून लावता येणार नाही.

या कायद्याने हक्क आधी मान्य करून मग उत्पन्नाचा विचार केला तर काय होते, ते गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने दाखवले आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्यांच्याच ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर बांबू घेणाऱ्याला ग्रामसभेशीच बोलावे लागले, कारण विकणारा कोण याविषयी संदिग्धता उरली नव्हती. हक्काची मान्यता आधी आणि गुंतवणूक नंतर, हा क्रम उलटा झाला की त्याच ग्रामसभेला आपल्याच जंगलात लाभार्थी म्हणून उभे राहावे लागते. या लेखातला माझा मुख्य आग्रह या क्रमाविषयीच आहे.

कायद्याची आयुधे बोथट होतात ती कार्यवाहीत. २०१२ मध्ये सुधारलेल्या वन हक्क नियमांनुसार हक्क मान्य झाल्यावर महसूल व वन विभागाने अंतिम नकाशा करून जास्तीत जास्त तीन महिन्यांत अभिलेखात नोंद घ्यायची असते. व्यवहारात सामूहिक हक्काचे प्रमाणपत्र सरपंचाच्या कपाटात आणि अभिलेख होता तसा, असे चित्र मी पाहिले आहे. मग माझ्यासारखा कोणी वकील शोध घ्यायला बसला की त्याला ‘शासन, वनविभाग’ एवढेच दिसते आणि गुंतवणूकदार सरळ त्या विभागाकडे जातो. दुसरी पळवाट अधिक नाजूक आहे. वन हक्क कायद्याखाली मिळालेला वैयक्तिक प्लॉट वारसांकडे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून अशा प्लॉटवरचे कार्बन करार भाडेपट्टा या नावाने होत नाहीत, तर त्यांना सेवा करार किंवा सहभाग करार म्हटले जाते. जमीन दिलेलीच नाही, फक्त कार्बन दिला, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. पण करारात चाळीस वर्षे तोड नाही, चराई नाही, आग नाही आणि पीकबदल नाही अशा अटी असतील, तर मालकाच्या हाती जमिनीचे उरले काय? करार कोणत्या नावाने केला आहे ते पाहण्याऐवजी त्याने जमिनीच्या वापरावर काय परिणाम होतो ते पाहून कलम ३६-अ आणि हस्तांतरबंदी लागू करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा एक करार शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर वाचला गेला तेव्हा मी तेथे होते. पाड्यातील काही तरुणांनी कागद समजावून सांगण्यासाठी मला बोलावले होते. त्याआधी २६ जानेवारीला ग्रुप ग्रामपंचायतीच्या, म्हणजे अनेक गावे-पाडे मिळून असलेल्या पंचायतीच्या, ग्रामसभेत या प्रकल्पाला मान्यता देणारा ठराव झाला होता आणि कंपनीच्या दृष्टीने संमतीचा विषय तेथे संपला होता. त्यात दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि या पाड्याने ती घोषित करून घेतलेली होती, त्यामुळे ग्रुप ग्रामपंचायतीचा ठराव त्यांच्या जंगलाला पुरत नव्हता. आणि जानेवारीत पाड्याशेजारची कातकरी वाडी जवळजवळ रिकामी असते, कारण दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्यांना त्या जंगलाची सर्वांत जास्त गरज, तेच संमतीच्या दिवशी भिवंडीकडच्या भट्टीवर विटा थापत होते.

म्हणून पाड्याने मृगाच्या आधी स्वतःची सभा बोलावली. शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून कंपनीच्या तरुण प्रतिनिधीने नीट, नम्रपणे माहिती दिली: किती झाडे, कोणत्या जाती, रोपे मोफत, मजुरी स्थानिकांना. मराठीतला गोषवारा दोन पानांचा होता आणि मूळ करार, परिशिष्टांसह, इंग्रजीत. प्रश्न विचारायला सांगितल्यावर मागच्या रांगेतील एक वयस्क ठाकूर बाई उठल्या आणि म्हणाल्या, “दादा, राब भाजायचा का नाय, ते लिवलंय का यात?” प्रतिनिधी म्हणाला, “मावशी, झाडं तुमचीच राहणार आहेत.” त्यावर त्यांनी विचारले, “झाडं आमची, मग फांदी कोनाची?” त्याचे उत्तर दुसऱ्या परिशिष्टात होते आणि ते परिशिष्ट भाषांतरित झालेले नव्हते. मी ते वाचून दाखवले: प्रकल्पकाळात फांद्या तोडण्यास व जैवभार जाळण्यास मनाई. त्या तरुणाला मी दोष देत नाही, त्याला राब म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नसावे. सभेने संपूर्ण करार मराठीत मागवला आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. वन हक्क नियमांप्रमाणे गणपूर्तीला निम्मे सदस्य आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. या अटीची खिल्ली उडवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्या दिवशी स्त्रिया नसत्या तर फांदीचा प्रश्न कोणी विचारला असता, याविषयी मला शंका आहे, कारण व्यासपीठाजवळ बसलेल्या पुरुषांची चर्चा तोवर मजुरीच्या दरावरच चालली होती.

संमती ही एकदा घ्यायची सही नव्हे, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर केव्हाच मान्य झाले आहे. मूलनिवासी लोकांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व आहे आणि भारताने त्याच्या बाजूने मतदान केले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात ग्रामसभांनाच निर्णय विचारायला सांगितले, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो प्रकल्प बॉक्साइटचा होता. झाडे लावणाऱ्या प्रकल्पाला नकार देण्याचा अधिकारही तितकाच खरा आहे, हे मात्र आपल्या गळी उतरत नाही. झाडांना कोणी नाही म्हणू शकतो ही कल्पनाच शहरी माणसाला विचित्र वाटते.

आता पैशाकडे वळते. माझे माहेर घणसोलीचे, त्यामुळे टक्केवारीचे हिशेब लहानपणापासून कानांवर पडत आले आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी निवडली गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याची योजना पुढे आली. त्या साडेबारा टक्क्यांतूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती येतात, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. नवी मुंबई विमानतळाच्या वेळेपर्यंत गावे घासाघीस करायला शिकली होती, म्हणून तेथे आकडा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला.

कार्बन करार वाचताना मला हाच हिशेब आठवतो. करारात शेतकऱ्याला किंवा ग्रामसभेला साठ टक्के मिळतील असे लिहिलेले असते, पण साठ टक्के कशाचे? एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. त्यातील काही क्रेडिट झाडे जळण्या-मरण्याच्या धोक्यापोटी राखीव साठ्यात जातात, मग पडताळणीचा खर्च, नोंदणीचे शुल्क, सल्लागारांचे मानधन आणि प्रकल्प चालवणाऱ्याचा खर्च वजा होतो, आणि जे उरते त्या निव्वळ रकमेचे ते साठ टक्के असतात. क्रेडिट कोणाला, कोणत्या भावाने विकले हे सांगण्याचे बंधन करारात नसेल, तर ती निव्वळ रक्कम तपासायची कशी? म्हणून कोणतीही ग्रामसभा मला विचारते तेव्हा मी सांगते, की वाटा विक्रीच्या एकूण किमतीवर मागा, भले टक्केवारी कमी दिसली तरी चालेल, आणि प्रत्येक विक्रीचे बीजक ग्रामसभेपुढे ठेवण्याची अट घाला. मुदतीच्या बाबतीत दर पाच वर्षांनी फेरविचार हवा. करार तिसऱ्याच कंपनीला विकण्यापूर्वी ग्रामसभेची नव्याने संमती हवी. आणि वाद झाला तर लवाद सिंगापूर किंवा दिल्लीत नव्हे, ठाणे जिल्ह्यात मराठीतून चालावा. यांपैकी शेवटची अट सर्वांत किरकोळ वाटते, पण पाड्यावरच्या माणसाला दिल्लीतला लवाद म्हणजे लवाद नसल्यासारखाच आहे.

खाडीकडे पाहिले तर प्रश्न आणखी अवघड होतो. कांदळवने जमिनीवरच्या जंगलांपेक्षा एकरी अधिक कार्बन धरून ठेवतात, आणि तो बहुतेक मुळांखालच्या चिखलात असतो, त्यामुळे जगभर या ‘निळ्या कार्बन’कडे गुंतवणूकदारांचे लक्ष गेले आहे. आमच्या खाडीत तिवरे आज उभी आहेत त्यामागे न्यायालयाचा मोठा वाटा आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे सगळे आवश्यकच होते. परंतु दिवाळे, सारसोळे, वाशी, ऐरोली येथील कोळीवाड्यांचा या चिखलावरचा हक्क कोणत्याही अभिलेखात नाही. ओहोटीला तिवरांतल्या ठरलेल्या पायवाटांनी उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या काढणाऱ्या बायकांच्या वाटेत उद्या लागवडीचे कुंपण आले, तर ती वाट त्यांची होती हे दाखवायला त्यांच्याजवळ कोणता कागद आहे? शिवाय १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका आली तशा येथल्या ग्रामपंचायती गेल्या, त्यामुळे संमती मागायची झाली तरी ती कोणत्या सभेकडे मागायची, हाही प्रश्नच आहे. वन हक्क कायद्यात मासे व इतर जलोत्पन्नावरचे सामूहिक हक्क नमूद आहेत. ते शहरातल्या कोळीवाड्यांपर्यंत नेण्याचे काम मात्र कोणी मनावर घेतलेले नाही.

केनियात या दोन्ही बाजूंची उदाहरणे सापडतात. गाझी उपसागराच्या काठी २०१३ पासून ‘मिकोको पमोजा’ हा प्रकल्प चालतो. क्षेत्र फक्त ११७ हेक्टर आणि तिवरे सरकारी. पण गावाने वनविभागाशी सहव्यवस्थापनाचा करार करून घेतला, आणि क्रेडिटच्या पैशांतून पाणीपुरवठा करायचा की शाळेसाठी खर्च करायचा हे गावच ठरवते. त्याच देशाच्या उत्तर भागात गवताळ प्रदेशावरचा, सुमारे १९ लाख हेक्टरांचा, मातीतील कार्बनचा प्रकल्प आहे. तेथे जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने प्रकल्पातील दोन संरक्षित क्षेत्रे लोकसहभागाशिवाय बेकायदा स्थापन झाल्याचे ठरवले आणि प्रमाणन संस्थेला प्रकल्पाचे पुनरावलोकन हाती घ्यावे लागले. ज्या कंपन्यांनी त्याची क्रेडिट विकत घेतली होती, त्यांच्या हिशेबवहीतल्या टनांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले. गुंतवणूकदाराला न्यायाची भाषा पटत नसेल तर त्याने निदान या धोक्याचा विचार करावा, कारण नाराज गावाच्या ताब्यातील जंगलात चाळीस वर्षे कार्बन सुरक्षित राहील असे कोणतीही विमा कंपनी लिहून देणार नाही.

माझ्या कामापुरते मी एक पाऊल उचलले आहे. हवामानाशी संबंधित कोणत्याही जमिनीच्या शोध अहवालात आता मी ‘अभिलेखात नसलेले वापर’ असा वेगळा भाग जोडते. त्यासाठी दप्तराबाहेर पडावे लागते: गुराख्याबरोबर हद्द चालायची, राब कोठून आणतात, गवत कोण कापते, देवराई कोठे आहे, वीटभट्टीला गेलेली कुटुंबे केव्हा परततात हे विचारायचे आणि गावाच्या वन हक्क समितीकडे आणि उपविभागीय समितीकडे कोणते दावे प्रलंबित आहेत त्याची यादी घ्यायची. काही अशिलांना हा खर्च नको असतो आणि ते दुसरा वकील शोधतात. ज्यांना तो मान्य असतो, त्यांना मी पुढची गोष्ट सांगते आणि तेथे सहसा खरी कसोटी लागते: माझे शुल्क तुम्ही देता, म्हणजे मी तुमची वकील आहे, गावाची नव्हे, गावाला स्वतःचा वकील हवा, तो गावाने निवडायला हवा आणि त्याचे शुल्क वाटाघाटी सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हायला हवे. गावाने शेवटी नकार दिला तरी ती रक्कम परत मागायची नाही, हे त्याच पत्रात लिहून द्यावे लागेल.